व्हॉडव्हिल मॅनेजरचे सोमवारचे रिपोर्ट कसे वाचायचे : पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

नाट्यशास्त्राच्या एमएला असताना मी पेपरसाठी अमेरिकेतलं व्हॉडव्हिल (एकाच खेळात सुटे सुटे करमणुकीचे आयटम दाखवणारी रंगभूमी) हा विषय घेतला, आणि घेताना वाटलेलं की काय त्यात, गाणी, नकला, कसरती, दोन आठवड्यांत उरकू. सहा महिने गेले. त्यातले चार तरी एकाच प्रकारचा कागद वाचायला शिकण्यात गेले, तो म्हणजे कीथ कंपनीच्या थिएटर मॅनेजरांनी लिहिलेले आठवड्याचे रिपोर्ट. आता दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी ज्युनिअर मेसेज करतं, "ताई, ते रिपोर्ट उघडले पण झेपत नाहीयेत", आणि मी परत तेच व्हॉइस नोटवर सांगत बसते. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

थोडक्यात पार्श्वभूमी. बेंजामिन फ्रँकलिन कीथ या माणसाने १८८३ मध्ये बॉस्टनला विचित्र वस्तूंचं छोटं प्रदर्शन काढलं, १८८५ पासून तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत न थांबता खेळ सुरू केले, मग एडवर्ड अल्बी त्याला येऊन मिळाला (नाटककार एडवर्ड अल्बी त्याचा दत्तक नातू) आणि दोघांनी मिळून पूर्व अमेरिकेत थिएटरांची साखळी उभी केली. एका खेळात आठ-नऊ वेगवेगळे आयटम, त्यांना ॲक्ट म्हणायचं. गायक, कुत्रेवाला, जगलर, विनोदी जोडी, छोटी नाटिका, सगळे एकमेकांशी काहीही संबंध नसलेले. या यादीला म्हणायचं बिल. (पैशाचं बिल नाही. हसू नका, माझ्या वर्गात एकाने खरंच तसं भाषांतर केलं होतं.) बिल सोमवारी बदलायचं, आणि सोमवारी मॅनेजर प्रेक्षकांत बसून एकेक ॲक्ट बघायचा, टाइप करायचा, प्रत न्यूयॉर्कच्या हेड ऑफिसला आणि साखळीतल्या बाकीच्या मॅनेजरांना. १९०२ ते १९२३ या काळातल्या या रिपोर्टांच्या वह्या आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात, आयोवा सिटीला आहेत.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या, ती बसली की निम्मं काम झालं. हा रिपोर्ट म्हणजे नाट्यपरीक्षण नाही. वाशीच्या मार्केटला अडत्या आंब्याची पेटी उघडतो, वरचं एक फळ दाबून बघतो आणि हा माल कुठे जाईल, किती भावाने जाईल ते सांगतो, ते हे काम आहे. आंबा गोड आहे का हे त्यालाही कळतंच, पण तो त्याचा प्रश्न नसतो.

१. जवळ काय काय ठेवायचं

- रिपोर्टच्या पानाचा स्कॅन, शक्यतो अख्ख्या पानाचा. फक्त आपल्या कलाकाराचा तुकडा कापून घेऊ नका, का ते पुढे कळेल.
- त्याच आठवड्याची त्याच शहरातल्या पेपरातली जाहिरात किंवा छापील कार्यक्रमपत्रिका मिळाली तर ती.
- 'व्हरायटी' (१९०५ पासून) आणि 'न्यूयॉर्क क्लिपर' (१८५३ पासून) ही दोन धंद्याची साप्ताहिकं. दोन्हींचे जुने अंक ऑनलाइन फुकट बघता येतात. कोणता ॲक्ट कोणत्या आठवड्यात कुठे होता हे शोधायला यांच्याशिवाय पर्याय नाही.
- जुन्या तारखांचं कॅलेंडर. मोबाइलमधलं चालतं, मागे मागे जायचं फक्त.
- एक एक्सेल शीट. वहीत करू नका, मी केलं, तिसऱ्या आठवड्यात रडकुंडीला आले.

२. आधी थिएटर आणि तारीख

पानावरची तारीख बहुतेक वेळा आठवड्याची असते, म्हणजे त्या सोमवारची. कॅलेंडर उघडा, खरंच सोमवार येतोय का बघा. येत नसेल तर एकतर वर्ष चुकीचं वाचलंय नाहीतर ती रिपोर्ट टाइप केल्याची तारीख आहे. उदाहरणार्थ न्यूयॉर्कचं प्रसिद्ध पॅलेस थिएटर २४ मार्च १९१३ ला उघडलं, तो सोमवारच होता. हा धंदाच सोमवारपासून मोजायचा.

आता त्या सोमवारी कलाकाराचं काय झालेलं असायचं ते डोळ्यासमोर आणा. रविवारी रात्री आधीच्या गावचा खेळ संपला (काही गावांत रविवारी खेळ बंद, तिथे शनिवारी), रात्रभर ट्रेन, सकाळी सकाळी थिएटरवर, आणि लगेच तिथल्या ऑर्केस्ट्राबरोबर तालीम. ऑर्केस्ट्रा थिएटरचा, नोटेशन कलाकाराचं. जो आधी पोचला त्याचे कागद आधी, आणि दोन ॲक्टमध्ये तेच गाणं निघालं तर ज्याने आधी कागद ठेवले त्याचं गाणं राहायचं, दुसऱ्याने दुपारपर्यंत दुसरं काहीतरी उभं करायचं. ट्रंका मागच्या स्टेशनवर राहिल्या तर कपडेही नाहीत. आणि दुपारी सोमवारच्या मॅटिनीला, अर्धवट भरलेल्या हॉलमध्ये, मॅनेजर वही घेऊन बसलेला.

म्हणून "मॅटिनीला थंड प्रतिसाद" असं दिसलं की लगेच ॲक्ट पडला असं लिहू नका. रात्रीच्या खेळाबद्दल वेगळं वाक्य आहे का ते शोधा.

३. क्रम मांडा, मत नंतर वाचा

मी सगळ्यात मोठी चूक इथे केली. एका नाचणाऱ्या जोडीवर मी अख्खं पान लिहिलं होतं, की प्रेक्षकांनी यांना स्वीकारलंच नाही वगैरे, कारण रिपोर्टमध्ये टाळ्या कमी असं होतं. गाइड मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "कितव्या नंबरला होते?" मी बघितलंच नव्हतं. पहिल्या नंबरला होते. पहिल्या नंबरला लोक अजून खुर्च्या शोधत असतात, टोप्या काढत असतात, तिथे टाळ्या कशाला पडतील!

पॅलेसचं बुकिंग बघणाऱ्या जॉर्ज गॉटलीबने नऊ ॲक्टचं बिल कसं रचायचं ते सांगितलेलं आहे आणि ते १९१५ मध्ये छापूनही आलं. ते डोक्यात असेल तर कुठलंही पान उलगडतं:

पहिला ॲक्ट मुका, म्हणजे नाच, कसरत, जनावरं. कारण उशिरा येणाऱ्यांच्या गोंगाटात शब्द बुडतात. दुसरा साधारण गाणारी स्त्री-पुरुष जोडी, हॉल स्थिर करायला. तिसऱ्याला नाटिका, म्हणजे लोक आता ऐकायला लागतात. चौथा जोरदार हवा, पाचवा म्हणजे मध्यंतराच्या आधीचा, मोठं नाव, कारण मध्यंतरात लोकांनी बाहेर जाऊन त्याचीच चर्चा करावी. सहावा अवघड. लोक परत येतायत, त्यांना परत पकडायचं पण पाचव्यापेक्षा भारीही व्हायचं नाही. सातवा मोठा, बरेचदा पूर्ण रंगमंच वापरणारी नाटिका नाहीतर नाव असलेला स्टार. आठवा, शेवटून दुसरा, ही बिलावरची सगळ्यात मानाची जागा, तिथे बहुतेक एकटा विनोदवीर, ज्याच्यासाठी लोक थांबलेत असा. आणि नववा परत डोळ्यांचा, झोपाळ्यावरच्या कसरती किंवा जनावरांचा मोठा तांडा, कारण लोक उठायला लागलेले असतात.

आपल्याकडे तमाशात गण, मग गवळण, बतावणी आणि मग वग असतो, आणि वग आधी ठेवला तर काय होईल हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही, तसंच हे.

सगळीकडे नऊच ॲक्ट नसायचे, लहान थिएटरांत पाच-सहा असायचे, पण तर्क हाच. तेव्हा शीटमध्ये पहिला कॉलम नंबराचा करा. अख्खं पान हवं म्हटलं ते याचसाठी. कारण आधीच्या ॲक्टने हॉल पेटवला असेल तर पुढच्याची गोची असते, आणि तुकडा कापून घेतला की हे दिसतच नाही.

बिलाचा क्रम कायमचा नसायचा. सोमवारच्या मॅटिनीनंतर मॅनेजर अदलाबदल करायचा, दुपारी तिसऱ्या नंबरवर असलेला ॲक्ट रात्री सातव्यावर. पेपरातली जाहिरात मात्र जुन्या क्रमाचीच. या दोन्हीत फरक दिसला की आनंदाने उडी मारा, कारण तो फरक म्हणजेच मॅनेजरचं खरं मत, त्याने लिहिलेल्या वाक्यापेक्षाही जास्त खरं.

४. मिनिटं आणि "वन"

प्रत्येक नोंदीत किती मिनिटं आणि रंगमंचाचा किती भाग असं असतं. "इन वन" म्हणजे पहिल्या विंगेपुढची पट्टी, मागे पडदा टाकलेला, सहा-सात फूट जागा. "टू", "थ्री" म्हणजे मागच्या विंगांपर्यंत, आणि "फुल स्टेज" म्हणजे सगळा.

हे तांत्रिक वाटतं आणि सगळे इथे डोळे मिटून पुढे जातात. जाऊ नका. नाटिकेचा दिवाणखाना उभा आहे, पुढच्या ॲक्टला त्याच जागी झोपाळे टांगायचेत, मग मध्ये पडद्यापुढे कुणीतरी उभं राहून बारा-पंधरा मिनिटं लोकांना हसवत ठेवायला हवं आणि मागे हातोड्या चालू. म्हणजे "वन"मध्ये चालणारा ॲक्ट मॅनेजरला सोन्यासारखा. एखाद्या फुल स्टेजवाल्याबद्दल लिहिलेलं दिसेल की शेवट "वन"मध्ये करू शकतो, ही मोठी तारीफ आहे, कारण शेवटची दोन-चार मिनिटं तो पुढे येऊन खेळला की मागे सेट बदलायला वेळ मिळाला. साध्या गायकाला चांगल्या नाटिकेपेक्षा जास्त भाव का, याचं उत्तर कितीतरी वेळा इथेच सापडतं.

५. शब्दांचे सापळे

"डच" म्हणजे जर्मन. हा पहिला आणि सगळ्यांचा सापळा. "डॉइच" या शब्दावरून आलेलं, जर्मन स्थलांतरितांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीची नक्कल करणारा विनोद तो डच ॲक्ट. वेबर आणि फील्ड्स ही यातली सगळ्यात गाजलेली जोडी, आणि दोघंही न्यूयॉर्कमध्ये वाढलेले ज्यू. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये अशाच एका जोडीला सरळ हॉलंडहून आणलं होतं. मॅडमनी समासात लाल पेनाने छोटी पवनचक्की काढून दिली, बाकी काही लिहिलं नाही.

"डम्ब ॲक्ट" म्हणजे न बोलता होणारा. वाईट असा अर्थ नाही. "सिस्टर ॲक्ट"मधल्या दोघी सख्ख्या बहिणी असतीलच असं नाही. "लेजिटिमेट" म्हणजे नाटकवाला, तिथून आठवड्याच्या मोठ्या रकमेसाठी इकडे आलेला नट, त्याच्याबद्दल मॅनेजर जरा आदराने आणि जरा संशयाने लिहितात. "बिग टाइम" म्हणजे दिवसाला दोन खेळ, "स्मॉल टाइम" म्हणजे तीन किंवा जास्त, यात दर्जा आणि पगार दोन्ही आलं. "चेसर" म्हणजे लोकांनी उठून जावं म्हणून मुद्दाम ठेवलेला कंटाळवाणा आयटम. खेळ दिवसभर चालायचे आणि एकदा तिकीट काढलं की माणूस हलायचाच नाही, मग खुर्च्या रिकाम्या कशा करणार!

"फीमेल इम्पर्सोनेटर" म्हणजे स्त्रीवेष घेणारा पुरुष. हे दिसलं की आपल्याला बालगंधर्व आठवतात, आणि यातला गाजलेला ज्युलियन एल्टिंज खरंच त्यांचा समकालीन होता, पण हिशोब वेगळा. एल्टिंज शेवटी विग काढून आपण पुरुष आहोत हे दाखवायचा आणि त्या क्षणाला टाळी घ्यायचा. तेव्हा तुलना जपून.

६. एक नोंद उघडून बघू

खाली दिलेली नोंद मी बनवलेली आहे, खरी नाही, फक्त घाट तसा ठेवलाय:

"सायकलवाले तिघं, दोन पुरुष एक बाई. ९ मिनिटं, फुल स्टेज. पहिला नंबर. सामान चकचकीत, कपडे नवे. बाई नुसती शोभेला. सुरुवात थंड, शेवटच्या उडीला बऱ्यापैकी टाळी. या जागेला ठीक."

नवखा वाचतो, "ठीक" म्हणजे सुमार. आता परत वाचा. नऊ मिनिटं, म्हणजे लांबण लावत नाहीत. सामान आणि कपड्यांचा उल्लेख आहे, कारण कीथच्या थिएटरात कुटुंबं यायची आणि मळके कपडे मॅनेजरच्या डोळ्यात खुपायचे. "बाई नुसती शोभेला" हे सौंदर्यावरचं मत कमी आणि हिशोब जास्त, तिघांचा पगार देतोय आणि काम दोघंच करतायत, पुढच्या वेळी भाव कमी करून मागा असा इशारा हेड ऑफिसला. शेवटच्या उडीला टाळी म्हणजे पहिल्या नंबरवर असूनही शेवटपर्यंत लोकांनी बघितलं. आणि "या जागेला ठीक" म्हणजे पुढच्या मॅनेजरने यांना बिनधास्त पहिल्या नंबरवर टाकावं, वर चढवायच्या भानगडीत पडू नये. सुरुवात करून देणारा भरवशाचा ॲक्ट, एवढंच आणि एवढं सगळं त्यात आहे.

७. तोच ॲक्ट पुढच्या गावात

एका रिपोर्टवर कधीही थांबू नका. 'व्हरायटी' किंवा 'क्लिपर'मधून पुढच्या तीन-चार आठवड्यांचा मार्ग काढा आणि तिथल्या मॅनेजरने काय लिहिलंय ते शेजारी लावा. बॉस्टन, प्रॉव्हिडन्स, फिलाडेल्फिया, क्लीव्हलँड, प्रत्येक गावचा हॉल वेगळा आणि मॅनेजरही. प्रॉव्हिडन्सच्या चार्ल्स लव्हनबर्गसारखा माणूस वर्षानुवर्षं एकाच थिएटरवर होता, अशाचे वीस-पंचवीस रिपोर्ट सलग वाचले की त्याच्या "बरा"चं वजन कळायला लागतं. काही मॅनेजर सगळ्यालाच छान म्हणतात. अशांच्या बाबतीत फक्त मिनिटं आणि नंबर घ्या, विशेषणं सोडून द्या.

मॅनेजरच्या नजरेने ॲक्ट बदलायचाही. १८९९ मध्ये सेंट पॉलला ऑर्फियम साखळीच्या मार्टिन बेकने हुदिनीला बघितलं, तेव्हा हुदिनी पत्त्यांपासून पेट्यांपर्यंत सगळंच करायचा. बेकने सांगितलं की फुटकळ जादू सोड, बेड्या तोडायचं ठेव. म्हणून तीन गावांनंतर तुमच्या ॲक्टची मिनिटं एकदम अठराची तेरा झालेली दिसली तर स्कॅन चुकलाय असं समजू नका, कुणीतरी कात्री लावलीय.

८. जे पानावर नाही ते

कात्रीचं दुसरं रूप म्हणजे निळं पाकीट. मॅटिनीनंतर कलाकाराला निळ्या पाकिटातून चिठ्ठी यायची, अमुक विनोद काढा, अमुक शब्द नको. न काढल्यास बॅग भरा. कीथच्या थिएटरात शिव्या, देवाधर्माची चेष्टा, अंगविक्षेप चालत नसत. रिपोर्टमध्ये हे अर्ध्या ओळीत असतं, "दोन वाक्यं काढायला लावली", बस. कुठली दोन ते क्वचित. तिथे कल्पनाशक्ती चालवू नका, "मजकूर अज्ञात" असं लिहून पुढे जा.

दुसरं म्हणजे ताकद कुणाच्या हातात होती ते. १९०६ मध्ये कीथ-अल्बींनी युनायटेड बुकिंग ऑफिस काढलं, म्हणजे कलाकाराला काम द्यायचं ते ह्यांच्याच खिडकीतून, वर पगारातून ५ टक्के कमिशन. त्याआधी १९०० मध्ये कलाकारांनी व्हाइट रॅट्स नावाची संघटना काढली होती ("रॅट्स" उलटं वाचा, "स्टार" होतं), १९०१ मध्ये संप केला, १९१६-१७ मध्ये परत केला आणि तो मोडला. संपाच्या आसपासच्या महिन्यांत एखाद्या चांगल्या ॲक्टला अचानक वाईट रिपोर्ट दिसला तर तारीख परत बघा. मी असं म्हणत नाही की मॅनेजर खोटं लिहायचे. एवढंच की लिहिणारा पगारी होता आणि कागद मालकाकडे जायचा.

९. शिव्यांचं काय करायचं

रिपोर्टांत काळ्या कलाकारांसाठी, ज्यूंसाठी, आयरिश लोकांसाठी जे शब्द आहेत ते वाचून पहिल्या दिवशी कसंतरी होतं. तेव्हा ते ॲक्टच्या प्रकारांची नावं म्हणून वापरले जायचे. बर्ट विल्यम्ससारखा, बहामात जन्मलेला, त्या काळातला बहुधा सगळ्यात मोठा विनोदवीर, स्वतः काळा असून तोंडाला काजळी फासून उभा राहायचा, कारण प्रेक्षकांना तेच हवं होतं.

माझी पद्धत अशी: शीटमध्ये मूळ शब्द जसाच्या तसा, म्हणजे शोधता येतो. लेखात एकदा सांगायचं की असा शब्द आहे, आणि पुढे "काळ्या कलाकारांचा गायन-ॲक्ट" असं सरळ लिहायचं. मराठीत जातिवाचक शिव्या शोधून "चपखल" भाषांतर करायचा मोह काही जणांना होतो. कृपया नको, दोन्ही इतिहासांची वाट लागते.

१०. शेवटची ओळ सोडू नका

पानाच्या तळाला बरेचदा एक ओळ असते, कायनेटोग्राफ किंवा बायोस्कोपची, म्हणजे सिनेमाची. लोक ती सोडतात, कारण तिथे कलाकार नाही. पण मॅनेजरने तिलाही ॲक्टसारखंच तोललंय, चित्रं जुनी होती, चांगली होती, लोक बसून राहिले, उठून गेले. कीथच्या न्यूयॉर्कमधल्या युनियन स्क्वेअर थिएटरात ल्युमिएरचा सिनेमॅटोग्राफ २९ जून १८९६ ला सुरू झाला, आणि आपल्या मुंबईत वॉटसन हॉटेलला तोच ७ जुलैला, आठच दिवसांच्या फरकाने. तिकडे तो बिलावरचा एक आयटम म्हणून आला, आणि १९३२ पर्यंत पॅलेसवरही सिनेमाच उरला. त्या ओळीसाठी शीटमध्ये वेगळा कॉलम ठेवा, आणि "लोक थांबले का" एवढं हो-नाहीमध्ये भरा. मी पहिल्या साठ-सत्तर पानांना तो ठेवला नव्हता आणि सगळी परत पहिल्यापासून उघडावी लागली.